कानवाले आणि दोन नंबरचा पंप

माझ्या वडिलांना पंपिंग स्टेशनवर सगळे ‘कानवाले’ म्हणायचे. त्यांचे कान मोठे होते असं नाही. कान अगदी बेताचे होते, आणि साठीनंतर त्यांतून केस डोकावायला लागल्यावर तर आणखीच बेताचे दिसू लागले. पण त्या कानांनी ते पंपांचं दुखणं ओळखायचे. एका टोकाला लाकडी मूठ बसवलेली लांब लोखंडी सळई त्यांच्याकडे असायची. सळईचं टोक चालू पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि पुतळ्यासारखं उभं राहायचं. कुणी मध्ये बोललं तर दुसरा हात वर करून तळवा दाखवायचे. थांब, म्हणून. मग डोळे उघडून निकाल द्यायचे. याला ग्रीस पाहिजे, हा अजून महिनाभर ओढेल, तो मात्र उद्या बसणार.

बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघायचं. एकदा त्यांनी ‘उद्या बसणार’ म्हणून सांगितलेला पंप पुढे चार वर्षं ठणठणीत चालला. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं करणाऱ्यांनी ते सोयीस्करपणे गाळलं, आणि बाबाही खुर्चीत मान खाली घालून गप्प बसले.

सगळ्या शहराचं पाणी त्या पंपांनी चढायचं, त्यामुळे ते सहसा बंद नसायचे. आमचं क्वार्टर पंपहाऊसला चिकटून होतं. स्वयंपाकघराची मागची भिंत हीच पंपहाऊसची भिंत, आणि भिंतीपलीकडे दोन नंबरचा पंप. बादलीत पाणी भरून ठेवलं तर त्यावर सारख्या बारीक सुरकुत्या पडलेल्या असायच्या. कपाटातले पेले एकमेकांना लागून किणकिणायचे म्हणून आईनं त्यांच्या मध्ये फडकी कोंबली होती. पाहुणे सकाळी यायचे आणि डोकं धरून दुपारीच निघायचे. आम्ही मात्र त्यातच वाढलो. घरात बोलणं खुणांनी चालायचं. ताटावर बोट वाजवलं की जेवायला चला, चिमूट दाखवली की मीठ, कपाळावर हात आडवा धरला की पाहुणे येताहेत. बाहेर गेल्यावर आमची पंचाईत व्हायची. शाळेत मी शेजारणीच्या कानात कुजबुजले तरी बाई मला वर्गाबाहेर उभं करायच्या.

आई मुळातच कमी बोलायची, आणि पंपाशेजारी तर बोलण्यात काही अर्थही नव्हता. दिवसभर ती त्या मागच्या भिंतीशी, ओट्यापाशी. मी लहान असताना मला पाठुंगळी घेऊन ती भांडी घासायची. माझा कान तिच्या पाठीला लागलेला असायचा आणि तिच्या पाठीतून काहीतरी घुमायचं. सगळं घरच घुमत होतं, त्यामुळे आईही घुमते यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. मी तशीच झोपी जायचे.

बाबा निवृत्त झाले आणि दोघं माझ्याकडे राहायला आली. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, तोवर एकटीच राहत होते, फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे आणि खिडकी लावली की टाचणी पडली तरी ऐकू येते. बाबा पहिल्याच दिवशी खुर्चीत पाय पसरून म्हणाले, कान धुऊन निघाल्यासारखे वाटतात. खरं म्हणजे त्या कानांत तोवर फारसं काही उरलं नव्हतं. बारीक, उंच आवाज त्यांना येईनासे झाले होते. फोन वाजला तर मला सांगावं लागायचं. पण हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. सळई त्यांनी दारामागच्या खिळ्याला टांगली, आणि मी ती माळ्यावर टाकू का असं विचारल्यावर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

आईचं विसरणं त्याच सुमारास सुरू झालं. चपला कपाटात, चमचे उशीखाली. आम्ही आधी हसण्यावारी नेलं. मग ती बाबांना ओळखेनाशी झाली, तेव्हा हसणं थांबलं. ती त्यांच्याशी अदबीनं वागायची, कुणा परक्या माणसाशी वागावं तशी. बसायला खुर्ची द्यायची. बाबा खुर्चीत बसायचे आणि तिच्याकडे बघत राहायचे.

एक सवय तिला लागली होती. ती स्वयंपाकघरात फ्रीजला पाठ लावून उभी राहायची, हात मागे घेऊन, डोकं दाराला टेकवून. दूध काढायचं म्हटलं की आधी तिला बाजूला करायला लागायचं. बाबांचं म्हणणं, तिला भूक लागते आणि सांगता येत नाही. ते तिच्या हातात बिस्किट द्यायचे. ती ते धरून तशीच उभी राहायची.

माझा तो फ्रीज म्हातारा होता. सुरू होताना आचका द्यायचा आणि मग घुंई करत राहायचा. बारीक आवाज गेले असले तरी जाडे आवाज बाबांना चांगले ऐकू यायचे, आणि तो त्यांच्या डोक्यात जायचा. एके दिवशी त्यांनी खिळ्यावरची सळई काढली, फ्रीजच्या मागे टेकवली, डोळे मिटले आणि निकाल दिला की कॉम्प्रेसर गेलाय. मी म्हटलं, चालतोय तोवर चालू दे. पण मला न विचारता त्यांनी नवा फ्रीज आणून जुना भंगारवाल्याला देऊन टाकला. नवा इतका गप्प की दार उघडून दिवा लागतो का ते पाहिल्याशिवाय तो चालू आहे हे कळायचं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला बाबा तो कौतुकानं दाखवायचे. म्हणायचे, याला म्हणतात मशिन.

त्यानंतर आई चालायला लागली. नव्या फ्रीजला पाठ लावायची, वळून त्यावर तळवा ठेवायची, आणि मग घरभर चालत सुटायची. या खोलीतून त्या खोलीत, दारापर्यंत, परत. समोर येईल त्याला विचारायची, बंद का केलंत? आम्ही पंखा लावला, टीव्ही लावला, गॅस पेटवून दाखवला. ती बघायची आणि पुन्हा चालू लागायची. जेवायला टेकेना, झोपेना. पायांना सूज आली, अंगावरचं मांस उतरलं, दोनदा पडली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे असंच चाललं तर शरीर फार दिवस सोसणार नाही. गुंगीची औषधं तरी द्या नाहीतर बांधून तरी ठेवा. बांधायला मी तयार झाले नाही. शेवटी अशाच माणसांना सांभाळणाऱ्या एका केंद्रात तिला ठेवलं. बाबा रोज सकाळी बसनं तिकडे जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. आल्यावर चपला काढता काढता एकदा म्हणाले, “एवढी मशिनं बघितली. हिचं काय बिघडलंय ते मला सापडत नाही.” ते रडले असते तर मला बरं वाटलं असतं.

केंद्रात एक मुलगी यायची. कुठल्याशा संशोधनाचं काम करायची. तिच्याजवळ एक पेटी होती, आणि आम्ही तिला पेटीवालीच म्हणायचो. पेशंटच्या मनगटाला आणि छातीला पट्टा बांधायचा. नाडी आणि श्वास पेटीला कळतात, आणि त्यावरून पेटी तिथल्या तिथे संगीत तयार करते. नाडी घाबरली तर सूर बदलतो, श्वास लांबला तर तोही लांबतो. तिचं म्हणणं, पुढे संगीत असंच असेल. एकच गाणं हजारजणांनी ऐकण्याऐवजी ज्याच्या त्याच्या शरीराला लागेल ते, लागेल तेव्हा, लागेल तेवढं. भ्यालेल्या माणसासाठी, झोप न येणाऱ्यासाठी, दुखणं सोसणाऱ्यासाठी. काम झालं की ते विरून जाणार. डोकं विसरलं तरी शरीर आवाज विसरत नाही, असंही ती म्हणाली.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे गाणारं कुणी नाही, ऐकणारं कुणी नाही. नुसतं अंगाला चोळायचं.”

मुलगी हसली. बाबांनी तिला आपलं कानामागचं हाड दाखवलं, सळईची हकिकत सांगितली, आणि दोघांची गट्टी जमली. मग तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. आजींना कोणती गाणी आवडायची? सुरुवात तिथून करतात. बाबा म्हणाले, तिला गाण्याचा नाद नव्हता. साधं गुणगुणतानाही मी तिला कधी ऐकलं नाही. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली. आमच्या दोघांच्याही मनात तिळमात्र शंका नव्हती.

त्यामुळे पेटीला काही धागादोराच मिळेना. बासरीसारखं काहीतरी वाजलं, आईनं पट्टा ओढून काढला. झुळझुळ पाणी वाजलं, ती आणखी जोरात चालायला लागली. पण मुलगी चिकाटीची होती. तिच्या लक्षात आलं की सूर जसा खाली जातो तशी नाडी जराशी उतरते. मग पेटी रोज थोडी थोडी खाली जाऊ लागली. सूर संपले, ठेका संपला. एका दुपारी नुसता एक जाडा, सलग घुमारा उरला. टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यावर सुरकुत्या उठल्या.

बाबा खिडकीशी बसून आईच्या चपलेचा पट्टा शिवत होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “हा दोन नंबरचा.”

आई चालायची थांबली होती. ती हळूहळू भिंतीपाशी गेली, भिंतीला पाठ लावली आणि डोळे मिटले. खांदे खाली आले. तिचे ओठ हलत होते. मला आधी वाटलं, काहीतरी पुटपुटते आहे. मी सगळ्यांत जवळ होते, म्हणून मला ऐकू आलं. ती गात होती. आवाज पिचलेला होता, पण सूर पक्का. त्या घुमाऱ्यातून वर निघायचा, लांब हिंडून यायचा आणि बरोबर त्याच्यावर येऊन टेकायचा. हे आज सुचलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं घोटलेलं होतं.

घुमाऱ्यामुळे बाबांना काही कळत नव्हतं. त्यांनी मला खुणेनं विचारलं, काय म्हणते? मी हात वर केला आणि तो तसाच राहिला. आमच्या घरातल्या खुणांत जेवण होतं, मीठ होतं, पाहुणे होते. गाण्याची खूण नव्हती. शेवटी मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, “आई गातेय.”

ते उठले. हातातली चप्पल तशीच धरून तिच्यापाशी गेले आणि त्यांनी कान तिच्या तोंडाजवळ नेला. आईनं डोळे उघडले. कुणीतरी ऐकतं आहे हे तिला दिसलं, आणि चोरी सापडावी तसा तिनं तोंडावर हात ठेवला. बाबा चटकन मागे सरले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, खोलीबाहेरही गेले. ती पुन्हा गायली नाही. मुलीनं पेटी थांबवली तेव्हा आईनं विचारलं, “बंद का केलंत?”

बाबा बाहेरच्या बाकावर बसले होते. मी शेजारी बसले. ते म्हणाले, “तो फ्रीज.” मला कळेना. “जुना फ्रीज गं. त्याला पाठ लावून उभी राहायची. तिथं गात असेल का?” मी म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, “मीच काढला तो. कॉम्प्रेसर वाजतो म्हणून. आणि त्याच्या आधी इतकी वर्षं मी भिंतीच्या पलीकडे बेअरिंगं ऐकत उभा होतो.” त्यांचा मला इतका राग आला आणि त्यांची इतकी दया आली की मी उठून पाणी आणायला निघून गेले.

पुढे रोज दुपारी पेटी घुमायला लागली, आणि आई बसायला लागली. जेवू लागली, झोपू लागली. डॉक्टर खूश, मुलगी तर हवेतच. आई गायचीही, पण कुणी ऐकत नाही अशी खात्री झाली तरच. नर्सबाईंना दारातून ऐकू यायचं, मला कपड्यांच्या घड्या घालताना ऐकू यायचं. फक्त बाबांना यायचं नाही. त्यांना जवळ जावं लागायचं, आणि जवळ गेलं की गाणं बंद. कानाचं यंत्र लावून पाहिलं, तर त्यात घुमाराच दुप्पट झाला. पेटीत नाडी आणि श्वास एवढंच साठत होतं. मी चोरून फोन पुढे धरला. घरी येऊन लावला तर त्यात नुसती घुंई. बाबांनी ती घुंई शेवटपर्यंत ऐकली आणि फोन माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिळ्यावरची सळई काढली. केंद्राच्या फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं. लोखंडी सळई घेऊन पेशंटांत जायचंय म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला कोण आत सोडेल? बाबा त्याला हाडातून कसं ऐकू येतं ते समजावत होते, त्यामुळे प्रकरण आणखी बिघडलं. केंद्रातून फोन आला तशी मी दुकानातून धावत आले, हातापाया पडले, तेव्हा आत सोडलं.

आई लोखंडी कॉटच्या डोक्याकडच्या दांडीला पाठ टेकून बसली होती. पेटी घुमत होती. बाबा तिच्याकडे पाठ करून स्टुलावर बसले. सळईचं टोक कॉटच्या पायावर टेकवलं, मूठ कानामागे लावली, डोळे मिटले. आईनं त्यांच्याकडे पाहिलं. झालं, आता ही गप्प बसणार, असं माझ्या मनात आलं. ती सळईकडे पाहत राहिली, त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून, लहान मुलीला दटावतात तशी हळूच म्हणाली, “आवाज करू नको. हे कामात आहेत.”

आणि गायला लागली.

वर्षभरानं तिनं त्यांना ओळखलं होतं. ओळखलं ते हेच, की हे कामात आहेत, यांना काही ऐकू जाणार नाही. बाबांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. ऐकू येतंय का, असं मी खुणेनं विचारायला पुढे झाले, त्यांना ते दिसणार नव्हतं, तरी माझी चाहूल लागून त्यांनी हात वर केला आणि तळवा दाखवला.

तेव्हापासून रोज दुपारी ते तसे बसायचे. एकदा त्यांनी न बोलता स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि सळई माझ्या हातात दिली. मी मूठ कानामागे लावली. शब्द नव्हते, चालही धड नव्हती. कॉटच्या लोखंडातून हाडात काहीतरी घुमत होतं, आणि ते मला ओळखीचं होतं. भांडी घासणाऱ्या आईच्या पाठीतून आलेलं तेच ते. मी जन्मभर त्याला पंप समजत आले होते. मी सळई परत केली. बाबांना त्या दिवशी मला सांगवलं नाही.

थंडी सरता सरता आईचं गाणं आखूड होत गेलं. मग नुसता श्वास राहिला. शेवटच्या दुपारी पेटी घुमत होती आणि बाबा सळई लावून बसले होते. नर्सबाईंनी मनगट हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. बाबांनी हात वर केला, थांबा म्हणून. आम्ही सगळे थांबलो. मग त्यांनी डोळे उघडले, सळई खाली घेतली, पंप बंद केल्यावर पुसायचे तसं तिचं टोक फडक्यानं पुसलं, आणि मुलीला म्हणाले, “बंद करा आता.”

त्यानंतर बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी मी ओट्यापाशी भांडी घासत होते आणि ते नव्या फ्रीजशेजारी खुर्चीवर बसले होते. त्या घरात आम्हा दोघांशिवाय कशाचाही आवाज नव्हता. मला राहवलं नाही. मी त्यांना सांगून टाकलं, पाठुंगळीचं, पाठीतल्या घुमण्याचं, आणि मी ते पंप समजत होते त्याचंही.

“म्हणजे तू रोज ऐकलंस,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता. नुसता हेवा होता, लहान मुलाचा असतो तसा उघडा. मग म्हणाले, “कसं लागायचं ते?”

मला गाता येत नाही. आईचं माझ्यात काही आलं असेल तर ते हे नव्हे. मी हात पुसले आणि त्यांच्याकडे पाठ करून खुर्चीसमोर खाली बसले. ते वाकले. सळई दारामागेच राहिली. त्यांचा कान माझ्या पाठीला लागला, दाढीचे खुंट टोचले. मी तोंड मिटून एक सूर लावला.

“जरा खाली,” बाबा म्हणाले.

मी जरा खाली घेतला.

“अजून.”

त्याच्या खाली माझा आवाज जात नाही. तरी मी लावत राहिले, आणि त्यांनी कान काढला नाही.